आधी तोंड मिटा

बसा खाली. सगळे. पाण्याच्या बाटल्या बाजूला, मोबाइल खिशात. खिशात म्हणजे खिशात, मांडीखाली नाही. आज धाव होणार नाही. स्टॉपवॉच मी गळ्यातून काढून ठेवलंय, तेव्हा ‘सर, निदान एक राउंड’ असं कोणी म्हणायचं नाही.

मघाशी रेषेवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तुमचा मित्र अजून एक पाऊल पळाला नव्हता. उभ्या उभ्या त्याची बोटं आत वळली, ओठांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. ‘काय व्हयनं रे?’ म्हणून विचारलं, तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आणि तुम्ही काय केलंत? दहा-बारा जणांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलंत आणि एका सुरात ओरडायला लागलात, ‘जोरात श्वास घे, जोरात श्वास घे!’ अरे शहाण्यांनो, जोरजोरात श्वास घेऊनच तर त्याची ती गत झाली होती. विस्तवावर रॉकेल ओतायचं आणि वर विचारायचं, विझत कसा नाही?

मी त्याला खाली बसवलं, तोंड मिटायला लावलं आणि एवढंच म्हटलं, नाकाने हळूहळू सोड. घेण्याचं नाव काढू नकोस, ते आपोआप होईल. सात-आठ मिनिटांत बोटं सरळ झाली. आता आप्पांच्या टपरीवर बसलाय. त्याचे वडील येऊन त्याला डॉक्टरांकडे नेतील, कारण चक्कर कशाने आली याचा निकाल मैदानावर लावायचा नसतो. पण आधी काय उद्योग चालला होता, ते त्याने मला सांगितलं. तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही. एरवी तुमचं तोंड मिटत नाही, तेवढ्यापुरतं मिटलं!

तर झालं असं, की मोबाइलवर कोणी एक उघडाबंब पहिलवान भेटला. म्हणाला, धावण्याआधी चाळीस वेळा जोरात भस्त्रिका करा, रक्तात ऑक्सिजनचा साठा होतो. आपल्या राजांनी ऐंशी केल्या. चाळीसने वीस गुण मिळणार असतील तर ऐंशीने चाळीस मिळतील, असा हिशेब. पोलीस भरतीत १६०० मीटरला गुणच २० आहेत रे बाबा! पुढचे वीस काय तो पहिलवान देणार होता?

आता नीट ऐका. साध्या बसल्या जागी, निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन जवळजवळ भरलेलाच असतो. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लावून तुम्हीच ते आकडे एकमेकांना कळवत होता. त्या महिन्यात याच रेल्वेलाइनवरच्या नंदुरबारचं नाव देशभर झालं, कारण तिथले जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी लाट यायच्या आधीच ऑक्सिजनचे प्रकल्प उभे करून ठेवले होते. ज्याच्या बोटावर ८५ दिसत होते त्याला त्या ऑक्सिजनने जीवदान मिळालं. तुमच्या बोटावर ९८ आहेत. हंडा काठोकाठ भरलाय, वरून आणखी नळ सोडला तर फक्त अंगण ओलं होतं. शिंदखेडा तालुक्यात जन्मलेल्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये.

मग जोरजोरात श्वास घेऊन नेमकं होतं काय? आत फारसं काही जास्त येत नाही. बाहेर मात्र भलतंच जास्त जातं. कार्बन डायऑक्साइड म्हणजे कचरा, एवढं सहावीत पाठ केलंत आणि तिथेच मुक्काम ठोकलात. तो निव्वळ कचरा नाही. रक्तातलं आम्लाचं प्रमाण त्याच्यावर राखलं जातं. तो एकदम खाली गेला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून अंधारी. रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम घटतं, म्हणून मुंग्या आणि वळलेली बोटं. म्हणजे हवा ढिगाने आत घेऊन पोराने मेंदूचाच रक्तपुरवठा कमी केला.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. हसणं बंद करा. गेल्या मे महिन्यात मुडावदला, पांझरा तापीला मिळते तिथे, कपिलेश्वराच्या खाली पोहायला कोण कोण गेलं होतं ते मला माहीत आहे. ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ’ अशी पैज लागली होती, तेही माहीत आहे. बुडी मारायच्या आधी भराभर वीस श्वास घ्यायचे, मग जास्त टिकता येतं, ही अक्कलही कोणीतरी वाटली होती. टिकता येतं, खरं आहे. का टिकता येतं ते कोणी विचारलं? श्वास घे, असा जो आतून धक्का बसतो, जीव कासावीस होतो, तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला की तो बसतो. तुम्ही आधीच तो उपसून फेकलेला. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत येतो तरी धोक्याची घंटा वाजतच नाही. माणूस धडपडत नाही, हात हलवत नाही, शांतपणे बेशुद्ध होतो. काठावरचे म्हणतात, अजून आत आहे, भारी आहे. चांगले पोहणारेच असे जातात. विहिरीत असो, संगमावर असो, हा खेळ पुन्हा कानावर आला तर मी मैदानात हाक मारणार नाही. तुमच्या घरी येईन आणि तुमच्या आईसमोर बोलेन.

पुढे या. काठी द्या ती. मातीत लिहितो, मागच्यांना दिसत नसेल तर उभे राहा.

साध्या एका श्वासात अर्धा लीटर हवा आत जाते. ५०० मिलिलीटर. त्यातली १५० नाकात, घशात, श्वासनलिकेतच राहते. तिचा रक्ताशी संबंधच येत नाही. बसमध्ये पायरीवर लटकलेला माणूस, बस नरडाण्यात पोचली तरी हा बसायला आत गेलेलाच नाही, तसं. म्हणजे कामाची हवा ३५०. मिनिटाला १५ श्वास, तर एकूण हवा साडेसात लीटर आणि कामाची हवा? पंधरा गुणिले तीनशे पन्नास. बोला. सव्वापाच लीटर. बरोबर.

आता तुमचा श्वास. वरचेवर, छातीच्या टोकाने, कुत्र्याने उन्हात धापा टाकाव्यात तसा. एका वेळी २५०, मिनिटाला ३०. एकूण हवा तेवढीच, साडेसात लीटर. पण प्रत्येक श्वासातले १५० पायरीवरच अडकणार. उरले १००. तीस गुणिले शंभर, तीन लीटर. मेहनत दुप्पट, पदरात जवळजवळ निम्मं. हा तोट्याचा धंदा तुम्ही रोज करता आणि वर म्हणता, ‘सर, दम लागना.’ लागणारच! कापूस विकताना काट्यावर किलोभर कमी भरलं तर तुमचे वडील व्यापाऱ्याशी भांडतात. इथे सव्वादोन लीटर गेले, कोणाला पत्ता नाही.

पुसू नका ते. राहू द्या.

एवढा उथळ श्वास तुम्ही घेता कशामुळे, ते सांगतो. फोटोमुळे. छाती फुगवायची, पोट आत ओढायचं, पट्टा एक भोक आवळायचा. फुप्फुसांखाली स्नायूचा एक पडदा आहे, डायफ्रॅम. आपल्याकडे श्वासपटल म्हणतात. साध्या श्वासाचं बहुतेक काम तोच करतो. तो खाली सरकला की फुप्फुसाला जागा होते आणि पोटातलं सगळं पुढे येतं. म्हणजे पोट थोडं पुढे यायलाच हवं. तुम्ही पोट आत दाबून धरता, म्हणजे पडद्याला खाली जायला वाटच ठेवत नाही. मग तो बिचारा जागच्या जागी थरथरतो आणि खांदे, मान, गळा त्याचं काम करायला धावतात. संध्याकाळी मान दुखते म्हणून बाम चोळता ना, त्यातला निम्मा बाम या नाटकाचा आहे. मुलींनो, तुम्ही खाली मान घालू नका. घरात, लग्नात, ‘पोट आत घे गं’ असं तुम्हाला कितीदा ऐकवलं जातं ते मला माहीत आहे. इथे मैदानावर तुम्हाला तसं म्हणणारा कोणी नाही. आठशे मीटर पोट मोकळं सोडून पळा.

आणि हो, यात माझाही गुन्हा आहे. नोकरीची पहिली पंधरा-वीस वर्षं मीसुद्धा सकाळी सकाळी ‘छाती पुढे, पोट आत!’ असंच ओरडत होतो. तपासणीला साहेब यायचे, रांगा रुबाबदार दिसायच्या. त्या रांगांमधले काही आता तुमचे बाप आहेत. त्यांनाही एकदा असंच बसवून सांगायचं राहून गेलं.

आता नाक. नाकाने कांदे सोलायला तुमच्याइतकं कोणी पटाईत नाही, नाकावर माशी बसू देत नाही, पण त्या नाकाचं मूळ काम काय ते विसरलात. इथे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, डिसेंबरात पहाटे दात वाजतात, आणि बारा महिने महामार्गावरची धूळ. ही हवा नाकातून गेली तर गाळली जाते, ओलावली जाते, थंड असेल तर कोमट होते, मग फुप्फुसात पोचते. तोंडातून गेली तर जशी आहे तशी घशावर आदळते. शिवाय नाकाभोवतीच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे १९९५ च्या सुमारास दाखवलं. नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो खाली जातो आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतो. तोंडाने श्वास घेणाऱ्याला यातलं फारसं काही मिळत नाही. त्याला मिळतं कोरडं तोंड, सकाळी चिकट जीभ, आणि झोपेत घोरणं. तू, निळ्या बनियनवाला, हात खाली कर. तुझं नाक बारा महिने बंद असतं हे मला ऐकू येतं. ते हाड वाकडं आहे की ॲलर्जी, हे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखव. बंद नाकाने ‘नाकाने श्वास घे’ असा माझा हट्ट नाही.

आणि शेवटच्या चारशे मीटरला, जीव तोडून पळताना, तोंड उघडेल. उघडू दे. तिथे एकटं नाक पुरत नाही, हेही मी लपवत नाही. पण रोजच्या सरावात, हलक्या धावेत, तोंड मिटून पळता येत नसेल तर तुम्ही पळता आहात तो वेग तुमचा नाही. दुसऱ्याचं बघून उचललेला आहे. कमी करा. महिनाभराने तोच वेग तोंड मिटून पेलेल.

घरी चूल होती तेव्हा फुंकणी असायची. तुमच्यातल्या किती जणांनी फुंकणीने जाळ केलाय? चार. बरं. तुम्हाला माहीत असेल, फू-फू-फू असं उतावळेपणाने फुंकलं की राख डोळ्यांत जाते आणि लाकूड धुमसतच राहतं. एकच लांब, बारीक, दमाची फुंकर घातली की जाळ धरतो. सोनगीरला तांबटांच्या भट्टीवर पूर्वी भाता ओढायचे. भाता ओढणाऱ्या पोराला पहिल्यांदा ठोसे खायला लागायचे ते याच कारणासाठी. तो घाईने ओढायचा. भाता पुरता रिकामा होऊ दिला नाही तर पुढच्या वेळी भरणार कसा? दम्याचा रुग्ण बघा. लोकांना वाटतं त्याला श्वास घेता येत नाही. त्याची खरी अडचण सोडण्याची असते. नळ्या आवळलेल्या, जुनी हवा आत कोंडलेली, नवीन येणार कुठे?

सोडण्याचा आणखी एक गुण आहे. मनगटावर बोटं ठेवा. अंगठा नाही, दोन बोटं. लागली नाडी? आता श्वास घ्या, आणि मग अगदी हळू सोडा. घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना रेंगाळते. जाणवतं? तरुण माणसाला चांगलं जाणवतं. म्हणजे हृदयाला आपण ‘हळू’ म्हणू शकतो, आणि ते म्हणायची वेळ सोडण्याची आहे. भरतीच्या दिवशी रेषेवर उभं असताना काळीज घशाशी येतं, तेव्हा तुम्ही काय करता? मोठमोठे श्वास घेता. उलटं! चार अंकांत घ्या, सहा अंकांत सोडा. मिनिटात सहा श्वास होतात. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेवीस जणांवर एक प्रयोग करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि योगातला मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली प्रतिसाद देऊ लागली. आपले भजनी म्हातारे रात्री दोन-दोन तास लांब सुरात ओळ ओढतात आणि पहाटे ताजेतवाने उठतात. त्यांना तुम्ही हसता.

बरं, हे सगळं परक्या देशाचं झालं, असं वाटत असेल तर आपल्या लाइनवरचं ऐका. बेटावद, पाडसे, भोरटेक, आणि पुढे अमळनेर. त्या अमळनेरात १९१६ च्या सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते पुढे प्राचार्य झाले. शरीर कमावलेला माणूस, बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत तयार झालेला. पुढे तेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी काय केलं, ‘ऋषींनी सांगितलंय, म्हणून खरं’ असं म्हणून डोळे मिटले नाहीत. बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांसमोर माणसं उभी करून उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं ते पाहिलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नावाचं नियतकालिक सुरू केलं आणि प्रयोगांचे आकडे छापायला लागले. आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वी काय बजावलं होतं? की प्राणायामाचं मोल जास्त ऑक्सिजन मिळण्यात नाही, ते मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे. तुमच्या अमळनेरच्या मास्तरांनी हे सांगून ठेवलं, आणि तुम्ही ऑक्सिजनचा साठा करायला मोबाइलवरच्या पहिलवानाच्या नादी लागता! भस्त्रिका वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती जाणत्या माणसासमोर, बसून, मोजून शिकायची असते. धावेच्या रेषेवर, मित्रांना दाखवायला, उभ्याने ऐंशी मारायची ती चीज नव्हे.

धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर आहे, शाळेच्या सहलीत गेला असाल. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थांची हस्तलिखितं तिथे आहेत. दासबोधाच्या सतराव्या दशकात अजपानिरूपण आहे. त्यात दिवसाच्या श्वासांचा आकडा दिलाय, एकवीस हजार सहाशे. मातीत भागाकार करून बघा. चोवीस तास, तासाला साठ मिनिटं. पंधरा येतात ना? मघाशी मी जो पंधराचा आकडा घेतला, तो डॉक्टरांच्या पुस्तकातही बसतो आणि समर्थांच्याही. तुम्ही बसल्या बसल्या पंचवीस घेता.

एका गोष्टीत मात्र घोळ घालू नका. दिवाळीनंतर तुमच्यातले पाच-सहा जण जिनिंगवर रात्रपाळी करतात. पैसे लागतात, मी अडवणार नाही. पण कापसाची बारीक धूळ नाकालाही पुरती गाळता येत नाही. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि पुढच्या दिवशी बरं वाटतं, असं ज्याचं होत असेल त्याने ते अंगावर काढायचं नाही. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कायमची अधू होतात. तिथे मालकाकडून चांगला मास्क मागून घ्यायचा आणि फुंकून तपासतात ती फुप्फुसांची तपासणी करून घ्यायची. अनुलोम-विलोमाने कापूस बाहेर येत नाही.

आणि पंप. कोणाच्या खिशात दम्याचा पंप आहे ते मी विचारत नाही. पण लपवून, भिंतीमागे जाऊन, अर्धवट ओढून परत येणारा एक जण इथे बसलाय. चष्मा लावायला तुला लाज वाटली नाही, पंपाची वाटते? ‘पंपाची सवय लागते’ असं सांगणारी मावशी रात्री दोन वाजता तुझ्यासोबत दवाखान्यात यायची नाही. डॉक्टरांनी सांगितलाय तसा घे, सगळ्यांसमोर घे, आणि जो हसेल त्याचं नाव मला सांग. तंबाखूचा बार भरून धावायला येणाऱ्यांशी मी आज बोलतच नाही. ते दोघं उद्यापासून येणार नाहीत, हे त्यांना मी काल सांगितलंय.

चला. उताणे झोपा. हो, याच मातीत, टी-शर्ट धुता येतो. प्रत्येकाने दप्तरातलं एक पुस्तक काढून बेंबीवर ठेवा. गाइड चालेल, तेवढाच त्याचा उपयोग. तोंड मिटा. एक हात छातीवर. हात हलायला नको, पुस्तक हलायला हवं. चार अंकांत वर, सहा अंकांत खाली. जोर लावायचा नाही, आवाज करायचा नाही. शेजाऱ्याला तुमचा श्वास ऐकू आला तर तो मोठा आहे, कमी करा. कोणाला गरगरलं तर थांबा आणि मला सांगा, शूरपणा नको.

सिग्नल पडलाय, सुरतेकडून मालगाडी येतेय. शेवटचा डबा फाटकाच्या पलीकडे जाईपर्यंत किती श्वास झाले, ते मला प्रत्येकाकडून हवंय. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा तो उद्या साडेपाचला येऊन मैदान झाडेल.

तू रे, चौथ्या रांगेतला. पुस्तक पोटावर ठेवायला सांगितलंय, तोंडावर नाही. आणि मीट ते तोंड.